यजमानांचं निमित्त

रॉय फ्रान्सिस या रग्बी लीग खेळाडूच्या कारकिर्दीचे आकडे वाचताना एका आकड्यापाशी थांबावं लागतं. सामने 356. ट्राय 229. वेल्सकडून पाच सामने. ग्रेट ब्रिटनकडून कसोटी सामने : एक.

ती एक कसोटी डिसेंबर 1947 मध्ये ब्रॅडफर्डच्या ऑड्सल मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध झाली. ब्रिटनने ती 25-9 अशी जिंकली. विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळणाऱ्या फ्रान्सिसने दोन ट्राय केले, म्हणजे चेंडू दोनदा प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला. विंगरकडून याहून वेगळी अपेक्षा नसते. त्यानंतर त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. तेव्हा तो 28 वर्षांचा होता आणि पुढे 1955 पर्यंत खेळत राहिला.

आज त्याचं नाव निघतं ते ‘पहिला’ या शब्दाबरोबर. ग्रेट ब्रिटनच्या रग्बी लीग संघात खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ब्रिटनमधल्या व्यावसायिक संघाचा पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक. तो जिथे वाढला त्या ब्रिनमॉर या वेल्श गावात 2023 साली त्याचा पुतळा उभा राहिला. रग्बी लीगला आपल्या या ‘पहिल्यां’चा अभिमान आहे. इतर ब्रिटिश खेळांकडे पाहिलं तर तो अभिमान पोकळ म्हणता येणार नाही. वेल्सच्या रग्बी युनियन संघात कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला 1980चं दशक उजाडलं. फुटबॉलच्या प्रीमियर लीगमध्ये एखाद्या कृष्णवर्णीय ब्रिटिश माणसाकडे संघ सोपवायला 2008 साल यावं लागलं. फ्रान्सिसकडे हल क्लबचा संघ आला तो 1950च्या दशकात.

मग कसोटी एकच का? या प्रश्नाचं उत्तर 1947 मध्ये सापडत नाही. त्यासाठी एक वर्ष मागे जावं लागतं.

एप्रिल 1946. युद्ध संपून वर्ष झालेलं नव्हतं. ब्रिटनचा रग्बी लीग संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाला. प्रवासी बोटी मिळत नव्हत्या, म्हणून ‘इन्डॉमिटेबल’ या विमानवाहू युद्धनौकेवरून तो गेला, आणि इतिहासात त्याच नावाने ओळखला गेला. 26 खेळाडू होते. कर्णधार गस रिझमन. हा कार्डिफमध्ये जन्मलेला, लाटव्हियाहून आलेल्या आईबापांचा मुलगा. फ्रान्सिसही कार्डिफमध्येच जन्मलेला. बॅरो क्लबचे विली हॉर्न आणि जिम लेथवेट संघात होते. लेथवेट विंगर होता. फ्रान्सिसही तेव्हा बॅरोचाच, आणि विंगरच. तो 26 जणांत नव्हता.

लेथवेट कच्चा खेळाडू होता असं कोणी म्हणणार नाही. दौऱ्यावर सर्वाधिक ट्राय त्यानेच केले. पण दौऱ्यावर एकच विंगर नेत नाहीत. महिनोन्‌महिने चालणाऱ्या, देशभर फिरायच्या दौऱ्यावर चार-पाच तरी न्यावे लागतात. त्यांत फ्रान्सिसला जागा का मिळाली नाही, याचं कारण गुणवत्तेत शोधून सापडत नाही. ऑस्ट्रेलियात तेव्हा गोऱ्यांपुरतं धोरण होतं. कृष्णवर्णीय खेळाडू संघात असेल तर तिथे अडचण होईल, यजमानांना अवघड वाटेल, म्हणून त्याला घरी ठेवलं, असं या खेळाचे इतिहासकार मानतात. ब्रिटिश निवडकर्त्यांना स्वतःला त्याचं वावडं होतं असं कोणी म्हटलेलं नाही. म्हटलं गेलं ते इतकंच, की तिकडच्यांना चालणार नाही.

मुद्दा नेमका इथे आहे.

आपल्या शहरांत भाड्याने घर शोधणाऱ्या कित्येकांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. घरमालक म्हणतो, माझी काही हरकत नाही हो, पण सोसायटीतल्या लोकांना चालत नाही. मालक चांगला राहतो. सोसायटीत नेमकं कोणाला चालत नाही हे कधीच कळत नाही. घर मात्र मिळत नाही. 1946 साली ब्रिटिश रग्बी लीगने फ्रान्सिसला हेच उत्तर दिलं, आणि सोसायटीचं नाव ऑस्ट्रेलिया होतं.

सोसायटीला खरंच चालत नव्हतं का, हे तरी तपासून पाहू. गोऱ्यांपुरत्या धोरणामागचा ऑस्ट्रेलियाचा कायदा 1901चा. तो देशात स्थायिक व्हायला येणाऱ्यांना अडवण्यासाठी होता. गंमत नाही, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की त्या कायद्याच्या मजकुरात रंगाचा उल्लेखच नव्हता. येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेतला 50 शब्दांचा उतारा ऐकून लिहायला लावायचा, आणि भाषा अशी निवडायची की तो नापास व्हावा. गोऱ्या नसलेल्या माणसाला नको म्हणायचं, पण नको हा शब्द तोंडातून काढायचा नाही, अशी ती तजवीज होती. तो कायदा दुष्टच होता. पण खेळायला येऊन परत जाणाऱ्या पाहुण्यांना त्याने रोखलं नाही. 1908 साली न्यूझीलंडच्या माओरींचा रग्बी लीग संघ ऑस्ट्रेलियात खेळून गेला होता. हाच खेळ, हाच देश. 1930-31 च्या हंगामात वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ गेला. त्यात जॉर्ज हेडली होता, लियरी कॉन्स्टंटाइन होता. पाच कसोटी झाल्या, लोकांनी त्या पाहिल्या.

आणि 1947च्या त्याच डिसेंबरात, ऑड्सलवर फ्रान्सिस आपली एकुलती एक कसोटी खेळत होता तेव्हा, भारताचा क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियात होता. लाला अमरनाथ कर्णधार होते. सांगलीचे विजय हजारे, कोल्हापूरचे दत्तू फडकर, खंडू रांगणेकर, हेमू अधिकारी ही मंडळी त्या देशात हिंडत होती, खेळत होती. पुढच्या महिन्यात ॲडलेडच्या कसोटीत हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतकं काढली, 116 आणि 145. त्याच कसोटीत फडकरांनी 123 केले. त्या दौऱ्याच्या कहाण्या आपल्याकडे अजून सांगितल्या जातात. गोऱ्यांपुरतं धोरण तेव्हाही पूर्ण जोरात होतं. म्हणजे ज्या देशात रॉय फ्रान्सिसला नेणं अशक्य मानलं गेलं, तिथे दीड-दोन वर्षांच्या आत सबंध भारतीय संघ महिनोन्‌महिने राहून आला.

दरवाजा बंद होता असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी तो ढकलून पाहिला नव्हता.

यावर कोणी म्हणेल, भारताचा संघ हा वेगळ्या देशाचा संघ. त्यात सगळेच सावळे. गोऱ्या संघात एकच काळा माणूस असणं ही वेगळी अडचण, हॉटेलात, मेजवानीत, आगगाडीच्या डब्यात. ठीक आहे. मग 1954 पाहा. ब्रिटनचा रग्बी लीग संघ पुन्हा ऑस्ट्रेलियाला निघाला. त्यात बिली बॉस्टन होता. वय 19, कार्डिफच्या टायगर बे वस्तीतला, कृष्णवर्णीय. विगनच्या पहिल्या संघाकडून तो जेमतेम सहा सामने खेळला होता. दौऱ्यावर त्याने 36 ट्राय केले. आठ वर्षांत ऑस्ट्रेलियाचं धोरण बदललं नव्हतं. तो उताऱ्याचा नियम तर 1958 पर्यंत टिकून होता. हॉटेलं तीच, मेजवान्या त्याच, आगगाड्याही त्याच. बदलली ती इंग्लंडमधल्या टेबलाभोवती बसलेल्या माणसांची हिंमत.

फ्रान्सिसला न नेण्यामागची अडचण किती खरी होती, याचा निकाल बॉस्टनच्या त्या 36 ट्रायनी लावला. पण निकाल लागेपर्यंत फ्रान्सिस 35 वर्षांचा झाला होता.

हिंमत एकदा आली की टिकते असंही नाही. 1957 साली विश्वचषक ऑस्ट्रेलियात झाला. बॉस्टन त्यात खेळला. परतताना ब्रिटन आणि फ्रान्स यांचे प्रदर्शनी सामने दक्षिण आफ्रिकेत ठरलेले होते. तिथे वर्णभेदाचं राज्य. संघ दक्षिण आफ्रिकेला गेला. बॉस्टन एकटा घरी परतला. या वेळी यजमानांची बंदी खरी होती, त्यात शंका नाही. पण ते सामने खेळलेच पाहिजेत असं बंधन कोणाचं होतं? तो विश्वचषकाचा भाग नव्हता. कसोटी मालिका नव्हती. रग्बी लीगचा प्रसार करायचा म्हणून लावलेले सामने होते. ज्या देशात आपल्या संघातला एक खेळाडू उतरू शकत नाही, त्या देशात खेळाचा प्रसार करायला बाकीचे उतरले. यजमानांचं निमित्त 1946 साली मनाने रचलं होतं, 1957 साली ते समोर हजर होतं. दोन्ही वेळा निर्णय एकच झाला. जो वेगळा आहे त्याने बाजूला व्हावं, बाकीच्यांचा कार्यक्रम चालू राहील.

‘तो काळच तसा होता,’ हे वाक्य अशा वेळी हमखास येतं. फ्रान्सिसच्या बाबतीत ते टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे पाहायचं तर त्याचं प्रशिक्षकपण पाहावं लागतं.

सतराव्या वर्षी, 1936 साली विगनने त्याला करारबद्ध केलं. 1939 मध्ये तो बॅरोला गेला. युद्धकाळात लष्करात सार्जंट होता, जवानांच्या शारीरिक शिक्षणाचं काम बघत होता. पुढे वॉरिंग्टन, आणि 1949 साली हल. हलमध्ये खेळता खेळताच त्याच्याकडे संघ तयार करण्याचं काम आलं. हे कोणी दिलं? हलच्या क्लबने. बंदरातल्या, मासेमारीवर जगणाऱ्या शहराचा क्लब. त्याच काळातली माणसं, त्याच खेळातली. राष्ट्रीय संघात ज्याला दुसरी कसोटी मिळाली नाही, त्याच्या हाती त्यांनी आख्खा संघ दिला. त्याने सांगावं आणि गोऱ्या खेळाडूंनी ऐकावं, यात त्यांना अडचण दिसली नाही. खेळाडूंनाही दिसली नसावी. 1956 साली हल अजिंक्य ठरला, अंतिम सामन्यात हॅलिफॅक्सला 10-9 ने हरवून. 1957 साली पुन्हा अंतिम सामना, ओल्डहॅमकडून एका गुणाने हार. 1958 साली पुन्हा अजिंक्यपद, वर्किंग्टनवर 20-3. सलग तीन वर्षं अंतिम फेरी. 1959 आणि 1960 मध्ये वेम्बलीवर चॅलेंज कपचा अंतिम सामना, दोन्ही वेळा पराभव.

काळ सगळ्यांसाठी एकच होता. ज्या क्लबला समोर पाहायचं होतं त्याला खेळ दिसला. ज्या निवड समितीला बारा हजार मैलांवरच्या यजमानांच्या चेहऱ्यावरची रेघ पाहायची होती, तिला रंग दिसला.

प्रशिक्षक म्हणून त्याने काय केलं, ते नीट सांगायला हवं, कारण ‘पहिला’ या शब्दाखाली तेही दडपलं जातं. त्या वेळी या खेळातलं प्रशिक्षण म्हणजे संध्याकाळी कामावरून आलेल्या खेळाडूंनी मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि थोडं चेंडूशी खेळायचं. फ्रान्सिसने त्यात धावण्याचं शास्त्र आणलं. धावपटूंसारखा सराव घ्यायला लावला, अगदी वजनदार फॉरवर्ड्सनाही. सामन्यांच्या चित्रफिती दाखवून चुका समजावल्या. प्रत्येक खेळाडूशी कसं बोलायचं, कोणाला रागवायचं, कोणाला एकट्याला बाजूला घ्यायचं, याचा विचार केला. खेळाडूच्या घराकडे पाहिलं. सामन्याला खेळाडूंच्या बायकांना येता यावं म्हणून गाडीची सोय केली. घर, नोकरी, मुलं यांची विवंचना डोक्यात घेऊन मैदानात उतरलेला माणूस पूर्ण ताकदीने खेळू शकत नाही, हे त्याला कळलं होतं. आज मोठ्या क्लबांत यासाठी वेगळे पगारी लोक असतात. हे सगळं तेव्हा हलमध्ये एक माणूस करत होता.

1961च्या अखेरीस हलमध्ये एक वेल्श पोरगा चाचणीसाठी आला. लहानपणी पायांवर शस्त्रक्रिया झालेला, ब्रॅडफर्डने नाकारलेला. खरं नाव न छापता त्याला सामन्यात उतरवलं, आणि त्याने तीन ट्राय केले. क्लाइव्ह सलिव्हन. तोही कृष्णवर्णीय. पुढे 1972 साली तो ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला. कोणत्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच वर्षी लिऑनच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला 10-10 असं बरोबरीत रोखून त्याच्या संघाने विश्वचषक नेला. हलमध्ये शिरणाऱ्या मोठ्या रस्त्याला आज त्याचं नाव आहे. ज्या संघात फ्रान्सिसला एक दिवस मिळाला, त्याच संघाचं कर्णधारपद फ्रान्सिसच्या क्लबातून आलेल्या मुलाकडे गेलं.

1963 साली फ्रान्सिस लीड्सला गेला. मे 1968 मधला चॅलेंज कपचा वेम्बलीवरचा तो चिखलातला अंतिम सामना इंग्लंडच्या उत्तरेकडे अजून सगळ्यांना ठाऊक आहे. लीड्स 11, वेकफील्ड 10. शेवटच्या क्षणी डॉन फॉक्सने गोलखांबांसमोरून मारलेली सोपी किक हुकली आणि चषक लीड्सला गेला. त्या सामन्याची आठवण निघते ती नेहमी फॉक्सच्या किकची. लीड्सच्या 11 गुणांपैकी 8 बेव्ह रिझमनच्या पायातून आले, हे कमी लोक सांगतात. हा बेव्ह म्हणजे 1946च्या दौऱ्याचा कर्णधार गस रिझमन याचा मुलगा. आणि तो खेळत होता तो संघ रॉय फ्रान्सिसचा होता.

त्यानंतर घडलं ते या सगळ्या प्रकरणावर सर्वांत जास्त प्रकाश टाकतं. 1969 साली ऑस्ट्रेलियाने फ्रान्सिसला बोलावलं. नॉर्थ सिडनी क्लबने त्याला प्रशिक्षक नेमलं. गोऱ्यांपुरतं धोरण तेव्हा सैल झालं होतं, पण संपलं नव्हतं. ते औपचारिकपणे संपलं 1973 साली. म्हणजे 1946 मध्ये ज्या देशात त्याला पाहुणा म्हणून काही महिने नेणं निवडकर्त्यांना शक्य वाटलं नाही, त्या देशाने त्याला पगार देऊन दोन हंगाम ठेवलं. तिथले दिवस सुखाचे गेले असं नाही. वर्णद्वेषाचा त्रास त्याला झाला, आणि 1970 नंतर तो इंग्लंडला परतला. म्हणजे ऑस्ट्रेलियात द्वेष होता हे खरंच. पण त्या द्वेषाला तोंड द्यायचं की नाही, हे 1969 मध्ये फ्रान्सिसने स्वतः ठरवलं. 1946 मध्ये त्याच्या वतीने ते दुसऱ्यांनी ठरवलं होतं. त्याला विचारून पाहिलं असतं तर 27 वर्षांचा, ऐन भरातला विंगर काय म्हणाला असता, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

वर्णभेदाविषयी आपण बोलतो तेव्हा पाट्या, शिव्या, मारहाण डोळ्यांपुढे येते. तेवढं ओळखायला सोपं असतं. फ्रान्सिसच्या वाट्याला आलेलं हे दुसऱ्या जातीचं होतं. त्यात कोणी वाईट बोललं नाही. कोणी दार आपटलं नाही. एका यादीत 26 नावं आली, सत्ताविसावं आलं नाही. संघ गेला, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तीन कसोटींत एकही न हरता परत आला. 8-8, 14-5, 20-7. जिंकून आलेल्या संघाच्या निवडीबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. ‘इन्डॉमिटेबल’वरच्या त्या 26 जणांचा गौरव होत राहिला, आणि तो त्यांनी मिळवलेलाही होता. मागे राहिलेल्या माणसाचं नुकसान मात्र कुठल्याच धावफलकावर दिसत नाही. ते दिसतं फक्त एका आकड्यात. कसोटी सामने, एक.

हा आकडा पाहून अनोळखी वाचक काय समजेल? की हा क्लबपातळीचा बरा खेळाडू होता, देशासाठी पुरेसा नव्हता. अन्यायाची ही खास रीत आहे. तो नोंदींमध्ये अपात्रतेच्या वेशात राहतो. 229 ट्रायच्या शेजारी तो ‘एक’ तसाच निमूट बसलेला असतो, आणि खुलासा जोडला नाही तर दोष फ्रान्सिसच्याच माथी येतो. बॉस्टनला 2025 साली, नव्वदाव्या वर्षी, ‘सर’ हा किताब मिळाला. रग्बी लीगच्या 130 वर्षांत तो मिळालेला हा पहिला खेळाडू. आनंदाची गोष्ट. फ्रान्सिस एप्रिल 1989 मध्ये गेला. त्याच्या हाती कुठला किताब देता येणार नाही, आणि 1946ची बोटही परत बोलावता येणार नाही.

एवढं मात्र करता येईल. रॉय फ्रान्सिसवर लिहिणाऱ्याने, त्याच्या नावाने भाषण करणाऱ्याने, त्याला ‘पहिला’ म्हणताना त्याच दमात त्याची एक कसोटी सांगावी, आणि ती एकच का, हेही सांगावं. सांगताना ऑस्ट्रेलियाचं नाव पुढे करू नये. यादी इंग्लंडमध्ये बनली होती.